माझ्या पोरीचा नोंदणी क्रमांक

सुरगाणा ते वणी या रस्त्यावर मी सव्वीस वर्षं जीप चालवली. काळी-पिवळी. घाटात उजवा पाय ब्रेकवर आणि डावा क्लचवर, आणि आमच्याकडे वळणं इतकी की डाव्या पायाला विसावा म्हणून नाही. दोन वर्षांपूर्वी या डाव्या पायाची टाच गेली. सकाळी खाटेवरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर पडल्यासारखं वाटायचं. भिंत धरून दहा-बारा पावलं चाललो की जरा सैल व्हायची, आणि दुपारी दोन फेऱ्या मारून उतरलो की पुन्हा तेच.

नाशिकच्या एका हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढून बघितला. म्हणाले, "हाड थोडं वाढलंय, पण दुखणं त्याचं नाही. तळपायाचा पट्टा टाचेपाशी सुजलाय." त्यांनी गोळ्या दिल्या, मऊ चप्पल सांगितली आणि भिंतीला हात लावून पोटरी ताणायचे व्यायाम दाखवले. "तीन-चार महिने नेमाने करा. नाहीच फरक पडला तर शॉकवेव्ह करून बघू."

व्यायाम मी चार दिवस केले. शॉकवेव्ह हा शब्द मात्र डोक्यात राहिला. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती तांदूळ पाखडता पाखडता थांबली.

"पायाला करंट लावणार?"

"तसंच काहीतरी असेल."

"मग नको. दुखणारी टाच बरी हाय."

करंट नसतो, नुसत्या दाबाच्या लाटा असतात, मशीन वरून ठोके देतं, हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा भ्यायलो होतो. म्हणून वणीला एका डॉक्टरकडे जाऊन टाचेत इंजेक्शन घेतलं. दहा-बारा दिवस असा आराम पडला की मी देवीच्या गडाच्या पायऱ्या चढायच्या गोष्टी करायला लागलो. मग दुखणं परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त. हे इंजेक्शनचं मी पोरीला सांगितलं नव्हतं. ती रागावली असती.

आमची पोरगी फिजिओथेरपिस्ट आहे. हा शब्द मला नीट म्हणता यायला वर्ष लागलं. आमच्या पाड्यावरून बारावी सायन्स होणारी ती पहिली. आश्रमशाळेत शिकली, मग नाशिकला वसतिगृहात राहून साडेचार वर्षांचा कोर्स केला. पास झाल्यावर राज्याच्या परिषदेकडून तिचं नोंदणी प्रमाणपत्र आलं. त्यावर तिचा फोटो आणि एक क्रमांक. मी त्याची झेरॉक्स काढून जीपच्या कागदांच्या पाकिटात ठेवली. घाटात पोलिसाने गाडी अडवली की आरसी, विमा, परमिट काढताना ती झेरॉक्सही मुद्दाम बाहेर येऊ द्यायचो.

"हे काय?" साहेब विचारायचे.

"पोरीचं आहे, साहेब. चुकून आलं."

मग ते वाचायचे, आणि कधी कधी गाडीत किती माणसं भरली आहेत ते मोजायचं विसरून जायचे. परमिट नऊचं होतं आणि माणसं किती असायची ते मी इथे लिहीत नाही.

तिला नोकरी लागली ती शहराच्या चकचकीत भागातल्या एका क्लिनिकमध्ये. तिथे शॉकवेव्हचं मशीन होतं, रस्त्यावरून दिसेल एवढा मोठा बोर्ड होता. वणीच्या स्टँडवर माझा तो बोर्ड सगळ्यांना सांगून झाला होता. आता माझीच टाच दुखत होती, मशीन पोरीच्या क्लिनिकमध्ये होतं, मग भ्यायचं कशाला? मी तिला फोन लावला.

"उद्या येतो तुझ्याकडे. तूच कर काय ते शॉकचं."

मग ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडे नको."

"का?"

"फोनवर नको. मी दुसरी चांगली जागा बघते. थोडं थांबा. तोवर व्यायाम करा."

मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन बसलो. माझ्या मनात एकच आलं, पोरीला आपली लाज वाटते. तिथे येणारे लोक गाड्यांतून उतरणारे, आणि हा बाप टायरच्या चपला घालून येणार, तिथल्या सोफ्यावर बसणार, सगळ्यांसमोर मोठ्याने बोलणार. वसतिगृहात असताना मी नागलीच्या भाकरी घेऊन गेलो की ती फाटकापर्यंत पळत यायची. ती पोरगी आता 'आमच्याकडे नको' म्हणते. बायको म्हणाली, "पोरीला सरळ इचारा ना." मी म्हणालो, यात विचारायचं काय आहे.

पण मला ते सहन झालं नाही. तिची सुट्टी गुरुवारी असायची. मी गुरुवारीच एसटी धरून नाशिकला गेलो. ती नसताना तिचं क्लिनिक बघू, काम करून घेऊ आणि परत येऊ, असा विचार.

आत थंडगार होतं. भिंतीवरच्या टीव्हीवर एक माणूस लंगडत यायचा आणि उड्या मारत जायचा. 'हमखास गुण' असं खाली लिहून यायचं. काउंटरवर तिशी ओलांडलेला एक माणूस होता, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. नाव विचारलं, गाव विचारलं आणि म्हणाला, "टाच ना? दहा सिटिंगचं पॅकेज घ्या. आज पहिलं करून टाकू."

"डॉक्टर?"

"सर बाहेर आहेत. मॅडमची आज सुट्टी आहे. मी आहे ना, काका. रोज करतो."

मॅडम म्हणजे माझी पोरगी. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने मला आतल्या पलंगावर पालथं झोपवलं, टाचेला थंड जेल लावलं आणि पिस्तुलासारखं एक यंत्र टाचेवर टेकवलं. मशीन सुरू झालं. एखादा सुतार हातोडी घेऊन हाडावर बसला असावा असे ठोके. मी उशीत तोंड खुपसलं. तो म्हणाला, "दुखतंय म्हणजे काम करतंय." आणि बटण दाबून जोर वाढवला.

तू कोण, काय शिकलास, हे मी त्याला विचारलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. सव्वीस वर्षांत माझ्या जीपमध्ये बसलेल्या एकाही माणसाने मला ब्रेक कधी तपासलेस असं विचारलं नव्हतं. माणूस आधीच बसलेला असतो, गाडी सुरू झालेली असते, मग विचारायचं राहून जातं. माझंही तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी टाच सुजली, कडेने निळी पडली. तिसऱ्या दिवशी पाय टेकवेना. बायकोने मला न विचारता पोरीला फोन केला.

ती संध्याकाळच्या गाडीने आली. बॅग खांद्यावरून न उतरवताच माझ्यासमोर जमिनीवर बसली, पाय मांडीवर घेतला आणि विचारायला लागली. किती दिवस दुखतंय? सूज कधी आली? पायाला मुंग्या येतात का? साखर कधी तपासली? रक्त पातळ होण्याची गोळी आहे का? टाचेत इंजेक्शन वगैरे घेतलं होतं का?

मी पाय मागे ओढला.

"बाबा?"

"वणीला घेतलं एक. तीन आठवडे झाले असतील."

तिने वणीचा कागद मागितला, वाचला, आणि डोळे मिटून घेतले. "हे स्टेरॉइडचं इंजेक्शन आहे. ते घेतल्यावर निदान सहा आठवडे तरी शॉकवेव्ह करायचं नसतं. पट्टा आधीच नाजूक झालेला असतो. फाटला असता, बाबा. हे त्यांनी विचारलं नाही?"

"नाव आणि गाव विचारलं."

"कोणी केलं?"

"काउंटरवरच्याने."

तिचे डोळे भरून आले, पण आवाज चढला नाही. मग मी ज्यासाठी इतके दिवस आत कुढत होतो, ते सगळं बाहेर आलं. मी म्हणालो, "तू नको म्हणालीस, मला वाटलं तुला माझी लाज वाटते."

तिने वणीच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "तुमची कशाला वाटेल? मला त्या जागेची लाज वाटत होती."

तिने सगळं सांगितलं. तो काउंटरवरचा माणूस मशीन विकणाऱ्या कंपनीकडून दोन दिवस शिकला होता, तेवढंच. मालक स्वतः आठवड्यातून एखाद्या वेळी यायचे. पेशंट तो हाताळायचा आणि संध्याकाळी केसपेपरांचा गठ्ठा हिच्यापुढे यायचा, सही करायला. खाली हिचा नोंदणी क्रमांक छापलेला. "मी ज्या माणसाला बघितलंसुद्धा नाही, त्याच्या कागदावर माझा नंबर. मी तीन महिने मालकांना सांगतेय, न बघितलेल्यावर मी सही करणार नाही. गेल्या महिन्यापासून करतही नाही. त्यांनी नंबरचा शिक्काच बनवून घेतला."

तोच क्रमांक, जो मी पोलिसांना हसत हसत दाखवत फिरत होतो.

सकाळी तिने मला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफी झाली. पट्टा फाटला नव्हता. डॉक्टर म्हणाले, नशीब. तिथून बाहेर पडल्यावर झाडाखालच्या बाकावर बसून तिने राजीनामा लिहिला. मालकांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. आवाज मला ऐकू येत होता. "एवढं काय त्यात? सगळीकडे असंच चालतं."

"चालत असेल, सर," ती म्हणाली. "माझ्या नंबरावर नाही चालणार. तो शिक्का मला परत हवाय, आणि ज्या कागदांवर मारलाय त्यांची यादीही."

शिक्का मिळाला. यादी काही मिळाली नाही. तिने परिषदेला रीतसर पत्र लिहिलं, पोच घेतली. त्याचं पुढे काय होईल ते अजून ठरायचं आहे, अशी कामं सावकाश चालतात. पण त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी बसून ती जे बोलली, ते ऐकताना मला टाचेचा विसर पडला होता. महिन्याचा पगार हातातून गेलेला, पुढची नोकरी नाही, आणि आवाजात एवढासा कंप नाही. मी बाप म्हणून तिला असं काही शिकवल्याचं मला आठवत नाही. उलट माझ्या गाडीतून येता-जाता तिने बापाला नऊच्या जागी कितीतरी माणसं कोंबताना बघितलं होतं.

दोन आठवड्यांनी सूज उतरली. मग ती म्हणाली, "चला, आता जागा शोधू. तुमच्यासमोरच विचारते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला येईल."

एका दिवसात आम्ही तीन ठिकाणी गेलो. मी मागे, ती पुढे. आत शिरल्यावर ती नमस्कार करायची आणि सांगायची, "वडिलांच्या टाचेसाठी आलोय. आधी थोडं विचारायचं आहे." स्वतः काय शिकली ते सांगायची नाही.

पहिल्या ठिकाणी तिने विचारलं, मशीन कोण चालवतं आणि त्यांची नोंदणी कुठली. तिथल्या बाईंनी भिंतीवरच्या सोनेरी चौकटीकडे बोट दाखवलं. पोरीने जवळ जाऊन वाचलं आणि मला खुणेने बोलावलं. "वाचा बाबा."

मी वाचलं. दुकानाचा परवाना होता, ज्याला सगळे गुमास्ता म्हणतात. किराणा दुकानालाही तोच असतो.

"हा जागेचा झाला," ती त्या बाईंना शांतपणे म्हणाली. "उपचार करणाऱ्या माणसाचा दाखवता का?"

तो नव्हता. आम्ही निघालो.

बाहेर रस्त्यावर रसवंतीपाशी उभं राहून तिने मला समजावलं. मी विचारलं होतं, अगं, मग सरकारचा शॉकवेव्हचा परवाना बघायचा ना सरळ. ती म्हणाली, तसा एकच एक परवाना नसतो, तिथेच लोक फसतात. माणसाची नोंदणी वेगळी. फिजिओथेरपिस्टचं नाव राज्याच्या परिषदेच्या यादीत असतं, डॉक्टरचं त्यांच्या परिषदेच्या यादीत, आणि ते वेळोवेळी नवं करावं लागतं. मशीनचं वेगळं. ते वैद्यकीय उपकरण आहे, त्यावर बनवणाऱ्याची किंवा आयात करणाऱ्याची पट्टी असते, परवान्याचा क्रमांक असतो. जागेचं आणखी वेगळं. खाटा असलेलं हॉस्पिटल महापालिकेकडे नोंदवावं लागतं. नुसत्या क्लिनिकचं तसं नसतं, म्हणून तिथे कोणी तपासायला येईल या भरवशावर राहायचं नाही. आपणच विचारायचं.

मला हे लगेच समजलं. म्हणालो, "म्हणजे लायसन्स ड्रायव्हरचं, फिटनेस गाडीचं, परमिट रस्त्याचं. एक दाखवून दुसरं भागत नाही."

ती खूप दिवसांनी मोकळं हसली. "बाबा, तुम्ही आमच्या वर्गात असता तर पहिले आला असता."

दुसऱ्या ठिकाणी नोंदणी होती, शिकलेला माणूसही होता. पण मशीनची सर्व्हिसिंग कधी झाली असं विचारल्यावर तो तडकला. "तुम्ही उपचाराला आलात की तपासणीला?"

"दोन्हीला," पोरगी म्हणाली. "हातात धरायच्या हँडपीसमधला भाग किती ठोक्यांनंतर बदलता?"

"आजवर कोणी विचारलं नाही."

"मी विचारतेय."

त्याने दाराकडे हात केला. खाली उतरताना मी म्हणालो, माणूस चांगला असेल गं, नुसता तापट असेल. ती म्हणाली, असेलही. पण ठोके देणारा भाग झिजला की मशीन आकडा एक दाखवतं आणि टाचेला पोचतं वेगळंच. विचारल्यावर राग येणाऱ्याकडे तुमचा पाय देणार नाही मी.

तिसरी जागा पंचवटीत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. एक खोली, दोन पलंग, हिरवा पडदा. बाई पन्नाशीच्या, केस पांढरे, डोळ्यांना जाड चष्मा. नोंदणीचा कागद टेबलाच्या काचेखालीच होता, आणि विचारायच्या आत त्यांनी मशीनची वही पुढे केली. कधी तपासलं, कोणता भाग कधी बदलला, सगळं हाताने लिहिलेलं.

मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. पोरीने घरी विचारलेले सगळे, आणि वर आणखी. छातीत पेसमेकरचं मशीन बसवलंय का, कधी गाठ वगैरे निघाली होती का, काम कोणतं, दिवसातून किती तास क्लच. माझ्या चपला उलट्या करून तळ बघितले. मी या वेळी काही लपवलं नाही. इंजेक्शनचं सांगितलं, आणि त्या क्लिनिकचंही.

त्यांनी बोटांवर आठवडे मोजले. "आज मशीन नाही. अजून दोन आठवडे जाऊ देत. तोवर हे व्यायाम, मी लिहून देते. कदाचित मशीन लागणारही नाही."

"आलोय एवढ्या लांबून," मी म्हणालो.

"लांबून आलात म्हणून चूक करू का, काका?"

मी पोरीकडे बघितलं. तिचा चेहरा असा उजळला होता, जसा बारावीच्या निकालाला उजळला होता. शॉकवेव्ह देणारी जागा शोधत आम्ही दिवसभर फिरलो आणि जिने द्यायला नकार दिला, तिच्याकडे थांबलो.

बाई माझ्याशी बोलत असल्या तरी त्यांचं लक्ष तिच्याकडेही होतं. शेवटी त्यांनी विचारलंच, "तू कुठे काम करतेस?"

"सध्या कुठेच नाही."

"का सोडलंस?"

पोरीने तीन-चार वाक्यांत सांगितलं. कोणाचं नाव घेतलं नाही, रडगाणं गायलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये. पगार तिथल्याएवढा देता येणार नाही मला. सही मात्र तू बघितलेल्याच पेशंटवर करायची."

मी तेव्हा काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो आणि वणीच्या स्टँडवरच्या माझ्या जोडीदाराला फोन केला. म्हणालो, "अरे, पोरीला बोलावून नोकरी दिली." तो म्हणाला, "मागेच नव्हती का लागली?" मी म्हणालो, "ती मी सांगत होतो ती नोकरी. ही तिने मिळवलेली."

दोन आठवड्यांनंतर व्यायामाने निम्मं दुखणं गेलं होतं. उरलेल्यासाठी चार वेळा मशीन झालं, आठवड्यातून एकदा. तेच ठोके, पण या वेळी बाई दर थोड्या वेळाने विचारायच्या, "दहापैकी किती दुखतंय?" सात म्हणालो की जोर कमी करायच्या. एकदा मी मर्दपणा म्हणून तीन सांगितलं, तर पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली पोरगी म्हणाली, "खोटं बोलतायत. पायाची बोटं आखडलीत." बायको एकदा सोबत आली होती. ती त्या यंत्राकडे लांबून बघत राहिली आणि म्हणाली, "करंट नाय म्हणता, मंग वायर कशाला हाय त्याला?" बाईंनी तिला जवळ बोलावून तिच्या तळहातावर अगदी कमी जोराचे दोन ठोके दिले. बायको हसायला लागली.

टाच एका दिवसात बरी झाली नाही. टीव्हीवरच्या माणसासारखा मी उड्या मारत बाहेर पडलो नाही. पण तीन महिन्यांनी एका सकाळी खाटेवरून उतरून मी अंगणात गेलो, तोंड धुतलं, आणि मग लक्षात आलं की भिंत धरली नव्हती. जीप मी पुतण्याला दिली. देताना ब्रेक नवे बसवले आणि त्याला सांगितलं, नऊ म्हणजे नऊ. तो ऐकतो की नाही ते मला ठाऊक नाही. मी स्टँडवर गेलो की मोजतो.

या वर्षी पोरीने आणखी एक केलं. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ती सुरगाण्यात येते आणि एका ओळखीच्या माणसाच्या खोलीत बसते. शॉकवेव्हचं मशीन नाही, एक पलंग, एक टेबल, व्यायामाच्या रबरी पट्ट्या. दारावर तिचं नाव आणि खाली नोंदणी क्रमांक. बाजाराला आलेली माणसं सुरुवातीला नुसती डोकावून जायची. द्राक्षबागांत खुडणीला जाणाऱ्या बायांचे खांदे, भात लावणाऱ्यांच्या कमरा, दुखणी घरोघर आहेत, पण दुखणं घेऊन दवाखान्यात जायची सवय नाही. म्हणून पहिल्या दिवशी पोरीने आईला आणून बसवलं. तिचे गुडघे बरीच वर्षं दुखतात.

मी दाराबाहेर स्टुलावर होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"वय?"

"तुला ठाव नाय?"

"तुझ्या तोंडून सांग, आई. लिहायचं असतं."

बायकोने अंदाजाने सांगितलं. मग एकामागून एक प्रश्न झाले. कोणता गुडघा जास्त, चढताना की उतरताना, रात्री झोप मोडते का. आणि मग, "कधी पडली होतीस का?"

बाजारातला भोंगा तेवढा ऐकू येत होता.

"पडले व्हते," बायको म्हणाली. "दिंडोरीकडं बागेत. शिडीवरनं. तू पोटात व्हतीस."

मी स्टुलावरून उठलो. एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

"कोणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? खाडा पडला असता. तुझ्या बानं परत कामाला जाऊ दिलं नसतं." मग म्हणाली, "कोणी इचारलंबी नाय."

पेन चालल्याचा आवाज येत होता. मग तिने सावकाश विचारलं, कोणत्या बाजूला पडलीस, किती दिवस लंगडत होतीस, तेव्हा सूज कुठे होती. आईने एकेक आठवून सांगितलं, आणि मी बाहेर उभा राहून माझ्याच बायकोच्या आयुष्यातला तो आठवडा पहिल्यांदा ऐकला.

शेवटी पोरगी म्हणाली, "आज मी काही करणार नाही. आधी एक्स-रे. हे पत्र घे, ग्रामीण रुग्णालयात दाखव. मग बघू."

बायको कागद घेऊन बाहेर आली. दाराशी दोन बाया उभ्या होत्या, डोक्यावर पाट्या. त्यातल्या एकीने तिला विचारलं, "सुई देती का पोरगी?"

"सुई नाय," बायको म्हणाली. "बोलाया लावती. जा आत, बस."